मोती, मोहरा आणि खुर्दा : युद्धकवितेतील सैनिकाचे भय

आपल्या शाळेच्या वार्षिक कार्यक्रमांत काव्यपठनाच्या स्पर्धेला मानाचे स्थान आहे. या स्पर्धेचा परीक्षक म्हणून मी अनेक वर्षे मंचाच्या उजव्या कोपऱ्यात बसत आलो आहे. विद्यार्थी कोणत्या कविता निवडतात, कोणत्या ओळीवर आवाज चढवतात, कुठे थांबतात, याचे एक अलिखित टिपण त्यामुळे माझ्या मनात तयार झाले आहे. या टिपणात वीररसाच्या कवितांची संख्या दरवर्षी सर्वांत मोठी असते. मुठी आवळल्या जातात, मंचाच्या फळ्या दणाणतात, आणि सभागृह टाळ्यांनी भरून जाते. हे दृश्य मला आवडते. वसतिगृहात राहणारे, घरापासून दूर असलेले, रात्री आईच्या आठवणीने उशी ओली करणारे मूल त्या पाच मिनिटांत दहा हत्तींचे बळ अंगी आल्यासारखे उभे राहते. कवितेचे हे सामर्थ्य कमी लेखण्याचे कारण नाही.

काही वर्षांपूर्वी आठवीतल्या एका विद्यार्थ्याने कुसुमाग्रजांची प्रतापराव गुजरांवरील सुप्रसिद्ध कविता म्हटली. स्पर्धा संपल्यावर तो माझ्याकडे आला आणि हळूच म्हणाला, "सर, त्या सातांपैकी एकालाही भीती वाटली नसेल का?" मी नेहमीचे उत्तर दिले : वीरांना भीती नसते. त्याने मान हलवली आणि तो निघून गेला. परंतु त्याच्या चेहऱ्यावर समाधान नव्हते, आणि माझ्याही मनात नव्हते. मी त्याला खोटे सांगितले होते. प्रस्तुत लेख म्हणजे त्या विद्यार्थ्याला तेव्हा न दिलेले उत्तर आहे.

प्रथम त्या कवितेकडेच वळू. प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. उमराणीच्या लढाईत कोंडीत सापडलेल्या बहलोलखानाला सरसेनापती प्रतापरावांनी सोडून दिले. शिवाजी महाराज त्यावर संतापले. त्यानंतर २४ फेब्रुवारी १६७४ रोजी आजच्या कोल्हापूर जिल्ह्यातील नेसरीजवळ प्रतापराव आपल्या सहा साथीदारांसह खानाच्या फौजेवर तुटून पडले. सातही जण तेथे पडले. नाशिककर कुसुमाग्रजांनी या घटनेला मराठी मनात जे स्थान मिळवून दिले, ते इतिहासाच्या कोणत्याही ग्रंथाला मिळवून देता आले नसते.

ही कविता आपण इतक्या वेळा ऐकतो की तिचा आरंभ विसरून जातो. तो रणगर्जनेने होत नाही, एका जळजळीत उपरोधाने होतो. सैन्य रण सोडून पळाले, आता घरोघरच्या स्त्रियांनाही लाज वाटेल, असा त्या उपरोधाचा आशय आहे. म्हणजे या दौडीच्या मुळाशी एक भय आहेच. ते मरणाचे भय नाही, लाजेचे आहे. आणि कवीने या दौडीला वेड म्हटले आहे, हेही लक्षात घेण्याजोगे आहे. शहाणपणाने घेतलेला निर्णय म्हणून तो तिचे समर्थन करीत नाही. सरसेनापतींच्या मनातील ती लाज कवीने दाखवली. उरलेल्या सहांचे काय? त्यांना तर कोणी पत्र लिहिले नव्हते. त्यांनी आपल्या सेनापतीच्या घोड्यामागे आपला घोडा घातला, त्या क्षणी त्यांच्या पोटात काय झाले असेल? आमच्या विद्यार्थ्याचा प्रश्न नेमका या सहांविषयीचा होता.

आपल्या वीरकाव्याची आणि वीरकथेची ही जुनी रीत आहे. भय तेथे असते, पण ते झाकलेले असते. सिंहगडाची कथा घ्या. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे पडले. परंपरेने सांगितलेली हकिगत अशी की आपला सेनानी पडलेला पाहून मावळ्यांचा धीर सुटला आणि ते आल्या वाटेने, कड्यावर सोडलेल्या दोरांकडे धावले. तेव्हा सूर्याजींनी त्यांना बजावले की दोर कापून टाकलेले आहेत. या प्रसंगातून मराठीला 'परतीचे दोर कापणे' हा वाक्प्रचार मिळाला. आज आपण तो निर्धाराचे वर्णन करताना वापरतो. दोर कोणी कापले हे आपल्याला ठाऊक असते, पण दोरांकडे धावले कोण, याचा विचार आपण करीत नाही. ते भ्याड नव्हते. अंधारात उभा कडा चढून आलेली, काही घटका जिवाच्या आकांताने लढलेली ती माणसे होती. क्षणभर त्यांचे पाय मागे वळले आणि मग तीच माणसे पुन्हा उलटून लढली व त्यांनीच गड घेतला. म्हणजे सिंहगड भ्यालेल्या माणसांनी जिंकला. असे म्हटल्याने गडाची उंची कमी होत नाही. माझ्या मते ती वाढते.

पानिपताने तर मराठीला पराभवाची सारी भाषा दिली. एखाद्या कामाचे 'पानिपत झाले' असे आपण आजही म्हणतो, आणि संक्रांतीच्या सणाचे नाव संकटाला लावतो. १४ जानेवारी १७६१ च्या त्या संहाराची वार्ता नानासाहेब पेशव्यांना एका सावकारी पत्रातून, सांकेतिक शब्दांत कळली असे सांगतात. विश्वासराव आणि सदाशिवरावभाऊ हे त्या पत्रातील गळालेले दोन मोती. मोठे सरदार म्हणजे हरवलेल्या मोहरा. आणि बाकीचे? रुपये आणि खुर्दा किती गेला याची गणतीच नाही, असे त्या निरोपाचे तात्पर्य होते.

हा निरोप शाळेत शिकवताना मी पूर्वी मोत्यांपाशी थांबत असे. आता खुर्द्यापाशी थांबतो. खुर्दा म्हणजे चिल्लर, तांब्याची नाणी. ज्यांची मोजदाद करण्याचे कारण नव्हते, असे हजारो साधे शिपाई, बुणगे, बाजारबुणगे, पाणके, मोतद्दार. मोत्यांवर काव्य झाले, मोहरांवर पोवाडे झाले. खुर्द्याचे भय कोणी गायिले? शोधू गेल्यास ते आपल्याला पोवाड्यात सापडत नाही, ते लावणीत सापडते. पेशवाईतील शाहिरांनी स्वारीवर गेलेल्या पतीची वाट पाहणाऱ्या विरहिणी रंगवल्या. त्या स्त्रीच्या तोंडी काळजी घालता येत होती, कारण भिणे हा स्त्रीचा धर्म मानला गेला होता. रणांगणावरचे भय असे घराच्या उंबऱ्यावर आणून ठेवले गेले. पुरुषाने लढावे आणि त्याच्या वाटचे भय त्याच्या बायकोने भोगावे, अशी ही वाटणी होती.

असे का झाले असावे? पहिले कारण सरळ आहे. लढणारा आणि लिहिणारा हे दोघे आपल्याकडे एक नव्हते. शाहिराला आश्रय सरदाराचा, आणि शिपायाला अक्षरओळख नाही. युरोपात पहिल्या महायुद्धात प्रथमच फार मोठ्या संख्येने शिकलेले तरुण खंदकांत उतरले, आणि त्यांच्यातून युद्धकवितेचा नवा सूर जन्मला. विल्फ्रेड ओवेन आणि सिगफ्रीड ससून हे इंग्रज कवी १९१७ मध्ये एडिंबरोजवळच्या एका लष्करी रुग्णालयात भेटले. तोफांच्या माऱ्याने मन खचलेल्या अधिकाऱ्यांसाठी ते रुग्णालय होते. त्यांच्या कवितांत विषारी वायूने घुसमटणारा, चिखलात रांगणारा, झोपेत किंचाळणारा सैनिक आला. देशासाठी मरणे गोड असते, असे शाळेत शिकवले गेलेले वचन त्यांनी त्या सैनिकाच्या देहाशेजारी ठेवून पाहिले आणि ते खोटे ठरवले. आपला विषय युद्ध आणि युद्धातील करुणा हा आहे, अशी ओवेनची भूमिका होती. 'करुणा' हा शब्द आपल्या शाळेच्या प्रार्थनेत रोज येतो, म्हणून त्याचा येथे मुद्दाम उल्लेख केला.

येथे एक आक्षेप हमखास येतो. भयाची कविता वाचून तरुण भित्रे होतील, सैन्याचे मनोबल खचेल. हा आक्षेप मी माझ्या सहकाऱ्यांकडून ऐकला आहे, आणि तो प्रामाणिक आहे. परंतु वस्तुस्थिती काय आहे? ज्या ससूनने युद्धाविरुद्ध सर्वांत कडवट कविता लिहिल्या, त्याला १९१६ मध्येच शौर्यासाठी मिलिटरी क्रॉस मिळालेला होता. ओवेन रुग्णालयातून बरा होऊन १९१८ मध्ये पुन्हा आघाडीवर गेला, त्यानेही मिलिटरी क्रॉस मिळवला, आणि ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्धविरामाला एक आठवडा उरला असताना, तो मारला गेला. विजयाच्या घंटा वाजत होत्या त्या दिवशी त्याच्या मृत्यूची तार त्याच्या घरी पोचली. पुढे त्याच्या आईने रवींद्रनाथ ठाकुरांना पत्र लिहून कळवले की अखेरचा निरोप घेताना मुलाच्या ओठी रवींद्रनाथांच्याच ओळी होत्या. भय लिहिणारे हे कवी भित्रे नव्हते. भय काय असते हे ठाऊक असूनही ते उभे राहिले. भय नाकारणाऱ्यांनी काय केले तेही नोंदवले पाहिजे. त्याच युद्धात पळून जाणे, भ्याडपणा अशा आरोपांखाली गोळ्या घालून मारलेल्या ३०६ सैनिकांना ब्रिटनने २००६ मध्ये मरणोत्तर माफी दिली. त्यांतील कित्येकांचे मन आजारी होते, हे समजायला नव्वद वर्षे लागली.

याच युद्धात हिंदुस्थानातून सुमारे १३ लाख माणसे गेली आणि सुमारे ७४ हजार परतली नाहीत. मेसोपोटेमियात कुत-अल-अमारा येथे वेढ्यात अडकलेल्या सहाव्या पुणे डिव्हिजनमध्ये मराठा पलटणींचे सैनिक होते. डिसेंबर १९१५ पासून जवळजवळ पाच महिने ते उपाशीपोटी टिकले, आणि २९ एप्रिल १९१६ रोजी शरणागती झाली. पुढे कैदेत आणि वाळवंटातील पायपिटीत त्यांचे हाल झाले. आपल्याला मुखोद्गत असलेल्या कवितांत कुत नाही. या सैनिकांपैकी बहुतेकांना लिहिता येत नव्हते. पत्र सांगायचे ते दुसऱ्याला, लिहायचे त्याने, आणि मग ते तपासायचे सरकारी सेन्सॉरने. म्हणून त्यांनी कोड्यात बोलायला सुरुवात केली. फ्रान्समधून गेलेल्या अशा पत्रांत काळी मिरी आणि लाल मिरची यांचा उल्लेख येतो. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरची म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली, असे घरी कळवले की घरच्यांनी काय ते समजावे. एका जखमी शिपायाने तर हे युद्ध नसून जगाचा अंत आहे अशा अर्थाचे लिहिले. ही पत्रे छंदात नाहीत, परंतु मला ती कविताच वाटते. मनातले बोलायला बंदी असलेला माणूस स्वयंपाकघरातले शब्द उचलतो आणि त्यांत आपले मरण भरतो, याहून कविता ती निराळी काय असते?

आणि भयाचा शोध घेण्यासाठी नाशिककरांना फार दूर जाण्याचीही गरज नाही. आपल्या शहराला लागून असलेल्या देवळालीच्या छावणीत ब्रिटिश काळात मायदेशी परतणाऱ्या गोऱ्या सैनिकांचा मुक्काम असे. नोकरीची मुदत संपलेली, बोट मिळेपर्यंत महिनोन्महिने काम नाही, वर ऊन, हिवताप आणि दारू. कित्येकांचे डोके फिरे. त्यांनी या अवस्थेला 'देवळाली ताप' असे नाव दिले. पुढे त्यातला ताप गळाला आणि आपल्या देवळालीचे इंग्रजी वळणाचे रूप 'डूलाली' हा वेडेपणाला शब्द म्हणून त्यांच्या शब्दकोशात जाऊन बसला. राज्य करणाऱ्यांच्या सैन्याने आपल्या खचलेल्या माणसांसाठी निदान एक थट्टेचा शब्द तरी घडवला. आपल्या गावाच्या नावावरून तो घडला, आणि आपल्या भाषेत मात्र आपल्या सैनिकाच्या त्या अवस्थेला आजही शब्द नाही. 'लष्करातून आल्यापासून तो जरा तसाच आहे', एवढे बोलून आपण थांबतो.

आता मी अशा जागेकडे येतो, जिच्याविषयी बोलताना माझाही आवाज बदलतो. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्या शिपायांची नावे कोरलेली आहेत. अनेक नावांच्या शेवटी 'नाक' आहे. पानिपतात ज्यांना खुर्दा म्हटले गेले, त्या थरातील माणसांची नावे येथे दगडावर आली, हे या स्तंभाचे मोठेपण आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकर १ जानेवारी १९२७ रोजी तेथे गेले ते याचसाठी. दरवर्षी आपण तेथे जातो, गीते ऐकतो, आणि त्या गीतांतील पूर्वज नेहमीच सिंहासारखे असतात.

परंतु इतिहासाने आणखी एक गोष्ट सांगितली आहे. ते सैन्य शिरूरहून रात्रभर चालत आले होते. सकाळी लढाईला तोंड फुटले आणि दिवस मावळेपर्यंत त्यांना अन्न नव्हते, पाणी नव्हते. भीमा समोरून वाहत होती आणि घशाला कोरड पडली होती. गीतांत ही तहान फारशी येत नाही. मला मात्र त्या तहानेतच ते पूर्वज माणूस म्हणून दिसतात. सिंहाला मान देता येतो, पण त्याच्याशी नाते सांगता येत नाही. नाते तहानलेल्या माणसाशी सांगता येते.

आपल्या समाजाच्या स्मृतीत भयाला जागा का मिळाली नाही, याचे कारण इतरांहून वेगळे आहे आणि ते समजून घेतले पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने काही जाती 'लढवय्या' ठरवल्या आणि महारांना भरतीची दारे बंद केली. ज्यांच्या बापआजोबांनी त्याच सरकारसाठी रक्त सांडले होते, त्यांना आपण लढू शकतो हे अर्ज करून सांगावे लागले. स्वतः निवृत्त सैनिक असलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ मध्ये असा अर्ज तयार केला. १९१७ मध्ये, महायुद्धात माणसे कमी पडू लागली तेव्हा, १११ वी महार पलटण उभी राहिली. युद्धाची गरज सरली आणि १९२१ मध्ये ती मोडण्यात आली. अखेर १९४१ मध्ये बेळगाव येथे महार रेजिमेंट स्थापन झाली, तिच्यामागे बाबासाहेबांचे प्रयत्न होते. ज्याला आपले शौर्य अर्जावर लिहून सिद्ध करावे लागते, तो भीतीचा एक शब्द तरी उच्चारू शकेल काय? 'मला भीती वाटली' हे म्हणण्यालाही एक सुरक्षित जागा लागते. ज्याचे शौर्य गृहीत धरले जाते, तोच ते म्हणू शकतो. ओवेनला ती जागा होती. आमच्या आजोबांना नव्हती. म्हणून भय कबूल करण्याचा हक्क हाही मिळवण्याचा हक्क आहे, असे मी मानतो. तो आपण आज घेऊ शकतो.

या संदर्भात मला संयुत्त निकायातील एक प्रसंग नेहमी आठवतो. युद्धावर उपजीविका करणाऱ्यांचा एक प्रमुख, योधाजीव ग्रामणी, भगवान बुद्धांकडे आला. त्याने विचारले : रणात लढता लढता जो मरतो तो विशिष्ट देवांच्या लोकी जातो असे आमचे पूर्वीचे आचार्य सांगत आले, आपले काय मत आहे? बुद्धांनी दोनदा उत्तर देण्याचे टाळले. तिसऱ्यांदा त्याने आग्रह धरला तेव्हा त्यांनी सांगितले की असे घडत नाही. मारण्याच्या इच्छेने ज्याचे मन आधीच खाली घसरलेले असते, त्याची गती वर होत नाही. हे ऐकून तो योद्धा रडू लागला. या उत्तरामुळे मी रडत नाही, असे त्याने सांगितले. पूर्वीच्या आचार्यांनी इतका दीर्घ काळ आपल्याला फसवले, याचे त्याला दुःख झाले होते. आज ज्याला आपण सैनिकाचा भ्रमनिरास म्हणतो, त्याचे याहून जुने आणि याहून नेमके चित्र मला माहीत नाही. शत्रूने केलेल्या जखमेपेक्षा आपल्याच माणसांनी सांगितलेल्या गोड असत्याची जखम खोल असते. आणि तो रडला म्हणून तेथे कोणी त्याला भ्याड म्हटले नाही.

आपल्या त्रिरश्मी लेण्यांतही एक लेख आहे, जो सहलीला गेल्यावर विद्यार्थी बोटाने चाचपून पाहतात. तिसऱ्या लेण्यातील गौतमी बलश्रीचा लेख. आपला दिवंगत पुत्र गौतमीपुत्र सातकर्णी याची ती प्रशस्ती आहे. अनेक युद्धे जिंकणारा, शक, यवन, पहलवांचा संहार करणारा, क्षहरातांचा वंश उखडणारा असे त्याचे वर्णन तेथे येते. पण त्याच लेखात, अपराधी शत्रूचाही जीव घेणे त्याला रुचत नसे असेही कोरलेले आहे, आणि स्वतः बलश्रीचे वर्णन सत्य, दान, क्षमा व अहिंसा यांत रमलेली असे आहे. हा राजघराण्याचा लेख आहे, त्यातील स्तुती स्तुती म्हणूनच वाचावी. तरीही आईला आपल्या विजयी पुत्राविषयी हेही सांगावेसे वाटले, आणि ते भिक्खूंना दिलेल्या लेण्याच्या भिंतीवर सांगावेसे वाटले, याचा अर्थ आपण लावला पाहिजे. विजयाच्या यादीने तिचे मन भरले नव्हते.

आधुनिक मराठी कवितेत भ्रमनिरास आला तो रणांगणाच्या वाटेने आला नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या छायेत घडलेल्या बा. सी. मर्ढेकरांच्या 'काही कविता' १९४७ मध्ये प्रसिद्ध झाल्या आणि माणसाचे यंत्र होणे, माणसाचे किड्यामुंगीसारखे मरणे मराठीत प्रथमच इतक्या उघडपणे आले. पण मर्ढेकर नभोवाणीवर अधिकारी होते, सैनिक नव्हते. त्याच युद्धकाळात अण्णा भाऊ साठे यांनी स्टालिनग्राडच्या लढ्यावर पोवाडा रचला. सामान्य माणूस त्यात नायक झाला, हे मोठे पाऊल होते. मात्र पोवाड्याच्या प्रकृतीनुसार तोही नायक निर्भयच राहिला. खुर्द्याला पोवाडा मिळाला, पण त्याचे भय अजून यायचे आहे.

ते कोठून येईल? मागील खेपेस आम्ही शाळेत एका माजी सैनिकांना बोलावले. १९७१ च्या युद्धात पश्चिम सीमेवर ते तोफखान्यात होते, आता शहराजवळच राहतात. देवळालीच्या मैदानावर तोफांचा सराव सुरू झाला की ते हातातला चहाचा कप खाली ठेवतात आणि आवाज थांबेपर्यंत पुन्हा उचलत नाहीत, असे त्यांच्या नातीने आम्हाला आधी सांगितले होते. मुलांनी अपेक्षित प्रश्न विचारले : किती शत्रू मारले? पदक मिळाले का? ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "पहिल्या रात्री माझे हात इतके थरथरत होते की गोळ्याला फ्यूज बसवता येईना. आमचे हवालदार होते, वयाने मोठे. मला वाटले, आता शिव्या बसणार. ते काही बोलले नाहीत. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि आम्ही दोघांनी मिळून फ्यूज बसवला. त्यांचाही हात थरथरत होता, हे मला तेव्हा कळले." थोडे थांबून त्यांनी पुढे सांगितले की ही गोष्ट त्यांनी घरी कधीच सांगितली नव्हती.

सभागृहात त्या वेळी टाळी वाजली नाही. काय करावे हे मुलांना कळेना. मला मात्र वाटले, मराठीतील एक मोठी युद्धकविता आपण नुकतीच ऐकली, आणि ती लिहून घ्यायला कोणाच्या हातात वही नव्हती.

म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने दोन सूचना करतो. पुढील वर्षापासून काव्यपठनाच्या स्पर्धेत वीररसाच्या कवितेला जोडून, युद्धातील माणसाचे दुःख सांगणारी एक कविता म्हणण्याची अट असावी. वीरकविता वगळावी असे मी मुळीच म्हणत नाही. कुसुमाग्रजांची सात घोडी आमच्या मंचावरून दरवर्षी दौडलीच पाहिजेत. फक्त त्या घोड्यांवर माणसे बसलेली आहेत, हे म्हणणाऱ्याला ठाऊक असावे. दुसरी सूचना अशी की आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांच्या घरी आजोबा, काका, मामा सैन्यातून निवृत्त झालेले आहेत. नववीच्या मुलांनी दिवाळीच्या सुट्टीत त्यांच्याजवळ बसावे. किती मारले असे न विचारता, पहिली रात्र कशी गेली, पहिले पत्र घरी काय लिहिले आणि काय लिहिले नाही, हे विचारावे. जे सांगितले जाईल ते जसेच्या तसे उतरवून आणावे. जे सांगायचे नसेल त्यासाठी आग्रह धरू नये. अशा वह्या आपल्या ग्रंथालयात राहाव्यात. दहा वर्षांनी त्यांतून एखादा कवी काय घेईल ते आज सांगता येत नाही, परंतु निदान त्याला घेण्यासारखे काही तेथे असेल.

आणि आठवीतल्या त्या विद्यार्थ्याला, जो आता शाळा सोडून पुढे गेला आहे, माझे उत्तर असे : हो बाळा, त्या सातांना भीती वाटली असेल. प्रतापरावांना वाटली असेल, त्या सहांनाही वाटली असेल, आणि घोड्यांनाही वाटली असेल. मी तेव्हा तुला चुकीचे सांगितले.